अकरा जणांत जागा कोणाची? ‘अन्याय’ या शब्दाची उलटतपासणी

(थ्रेड)

१/ दोन आकडे. ४४३ आणि ४५१. दोन्ही नाबाद, दोन्ही महाराष्ट्राच्या संघासाठी. पहिला कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचा, १९४८ मधील रणजी सामन्यातला. दुसरा जालन्याच्या विजय झोलचा, २०११ मधील १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकातला. दोघांपैकी एकालाही भारताच्या कसोटी संघात स्थान मिळाले नाही. जालन्यात क्रिकेटची चर्चा रंगली की हे आकडे शेजारी शेजारी मांडले जातात आणि निकाल एका शब्दात लागतो: अन्याय.

२/ हा निकाल घाईचा आहे, असे या थ्रेडचे म्हणणे आहे. संघाबाहेर राहिलेल्या प्रत्येक गुणी खेळाडूसाठी आपण एकच शब्द वापरतो, आणि त्या एका शब्दाखाली निरनिराळी कारणे दडपली जातात. कोणाच्या काळी सामनेच नव्हते, कोणाची जागा त्याच्याहून सरस खेळाडूने व्यापलेली होती, कोणाची चढाई शेवटच्या पायरीवर थांबली, आणि कोणाला केवळ जन्मामुळे अडवले गेले. या चौघांना एका रांगेत उभे केले तर खरा अन्याय ज्याच्यावर झाला, त्याचेच नुकसान होते.

३/ आधी ४४३ ची गोष्ट. डिसेंबर १९४८, पुण्यातील पूना क्लबचे मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. त्यानंतर निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी रचली. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी मध्यंतर झाले तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० मध्ये केलेल्या नाबाद ४५२ या तत्कालीन जागतिक विक्रमाशी बरोबरी करण्यास केवळ ९ धावा उरल्या होत्या.

४/ त्या ९ धावा कधीच झाल्या नाहीत. काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला. महाराष्ट्राने डाव घोषित करावा, अन्यथा आपला संघ परत जाईल, ही त्यांची भूमिका. शेवटी काठेवाडचा संघ खरोखरच सामना सोडून निघून गेला. ४९ चौकार आणि एका षटकाराची ती खेळी अपुरी राहिली. तरीही प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कोणा भारतीयाने याहून मोठी खेळी आजवर केलेली नाही. जगात त्या खेळीच्या पुढे तीनच नावे आहेत: ब्रायन लारा, हनीफ मोहम्मद आणि ब्रॅडमन.

५/ लोकप्रिय कथा इथे एक उडी घेते: ‘इतके करूनही निवड समितीने त्यांच्याकडे पाहिले नाही.’ ही उडी घेण्यापूर्वी त्या हंगामाकडे नीट पाहावे लागते. तेव्हा वेस्ट इंडिजचा संघ भारताच्या दौऱ्यावर होता. मुंबईची कसोटी नुकतीच संपली होती आणि कोलकात्याची ३१ डिसेंबरला सुरू व्हायची होती. पुण्यातली खेळी नेमकी या दोन कसोट्यांच्या मध्ये घडली. म्हणजे ती निवड समितीच्या नजरेतून सुटली असेल, असे म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की बाहेर कोणाला बसवायचे?

६/ त्या मालिकेत रुसी मोदी आणि विजय हजारे या दोघांनीही प्रत्येकी ५०० हून अधिक धावा केल्या. हेमू अधिकारी यांनी दिल्लीत नाबाद शतक काढले. कर्णधार लाला अमरनाथ आणि दत्तू फडकर हे अष्टपैलू म्हणून संघात होतेच. पॉली उम्रीगर यांनी त्याच मालिकेत मुंबईला पदार्पण केले. मधल्या फळीतली एकही खुर्ची सहज रिकामी होणारी नव्हती. ‘निंबाळकर हवे होते’ हे वाक्य सोपे आहे. ‘मोदींऐवजी निंबाळकर’ किंवा ‘हजारेंऐवजी निंबाळकर’ हे वाक्य उच्चारून पाहिले की प्रश्नाचे वजन कळते.

७/ ‘महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे दुर्लक्षच होत असे’ हा युक्तिवादही त्या हंगामापुरता टिकत नाही. जानेवारी १९४९ मधील मद्रास कसोटीत महाराष्ट्राचे मधुसूदन रेगे यांना भारताकडून संधी मिळाली. ते सलामीवीर होते आणि संघाला सलामीवीर हवा होता. रेगे यांच्या वाट्याला आलेली ती एकमेव कसोटी. ज्याच्या नावावर त्या वर्षी चारशेची खेळी होती तो बाहेर, आणि ज्याच्या फलंदाजीचा क्रम संघाच्या गरजेत बसत होता तो आत. अंतिम अकरा जणांची यादी ही गुणवत्तेची क्रमवारी नसते. अकरा निरनिराळ्या कामांची ती वाटणी असते.

८/ आणखी एक गोष्ट विसरली जाते: त्या काळातल्या धावांचा बाजारभाव. १९४३-४४ च्या मोसमात विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या. त्याच मोसमातील पंचरंगी सामन्यांत हजारे यांनी, संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या. मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबई विरुद्ध महाराष्ट्र हा रणजी सामना झाला. मुंबई ६५१ आणि ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावा. प्रथम श्रेणी सामन्यातील हा आजही विश्वविक्रम आहे.

९/ जिथे एका सामन्यात दोन हजारांवर धावा होतात, तिथे चारशेची खेळीही निवडणाऱ्याच्या मनात थोडी स्वस्त होते. हे योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. पण कोणत्याही आकड्याचा अर्थ त्याच्या शेजारच्या आकड्यांवरून लागतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरून चालणार नाही. दुष्काळातल्या धान्याचा भाव आणि सुगीतल्या धान्याचा भाव एकच धरून हिशेब मांडणारा अभ्यासक फसतो. धावांचेही तसेच आहे.

१०/ मात्र निंबाळकरांचे सर्वांत मोठे नुकसान केले ते वेळापत्रकाने. वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका फेब्रुवारी १९४९ मध्ये संपली. त्यानंतर भारताची पुढची अधिकृत कसोटी थेट नोव्हेंबर १९५१ मध्ये झाली. मधल्या काळात राष्ट्रकुल संघांविरुद्ध अनधिकृत कसोट्या तेवढ्या झाल्या. त्यांपैकी एकीत निंबाळकर खेळले. १९३२ मधील पहिल्या कसोटीपासून फेब्रुवारी १९५२ मधील मद्रासच्या पहिल्या विजयापर्यंत, म्हणजे जवळपास २० वर्षांत, भारताच्या वाट्याला कसोट्या आल्या २५. आज एवढे सामने अडीच-तीन वर्षांत होतात. दुसऱ्या महायुद्धाने तर १९३६ ते १९४६ हे दशक पूर्ण कोरडे ठेवले. डिसेंबर १९१९ मध्ये जन्मलेल्या निंबाळकरांची ऐन उमेद नेमकी याच कोरड्या पट्ट्यात सापडली.

११/ मग निवड समितीला दोषमुक्त करायचे का? तसेही नाही. प्रथम श्रेणीत ४,८४१ धावा आणि ४७.९३ ची सरासरी असलेल्या फलंदाजाला एखादी कसोटी देता आली असती, आणि ती न देण्यात कल्पनेचे दारिद्र्य होते. पण ‘कल्पनेचे दारिद्र्य’ आणि ‘अन्याय’ यांत अंतर आहे. निंबाळकरांच्या बाबतीत योग्य शब्द आहे हुकलेला काळ. हे दुःख कमी प्रतीचे नाही. ते वेगळ्या प्रतीचे आहे. २०१२ च्या डिसेंबरात, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. तोवर तो अपुरा डाव त्यांच्या नावापुढे कायम राहिला आणि आजही आहे.

१२/ जालनेकरांसाठी इथे एक टीप. १९४८ च्या त्या डिसेंबरात जालन्याचा मुलगा महाराष्ट्राच्या संघाचे स्वप्नसुद्धा पाहू शकत नव्हता, कारण जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. जालन्याचा गुणी फलंदाज तेव्हा रणजीसाठी हैदराबादचे दार ठोठावता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. ‘आपला निंबाळकर, आपला झोल’ ही जोडी नकाशाने पुष्कळ उशिरा जुळवली आहे. कोणत्या शिडीच्या पायथ्याशी उभे राहायचे, हे खेळाडूच्या आधी सीमारेषा ठरवतात.

१३/ आता दुसरे कारण: व्यापलेली जागा. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी २० पेक्षाही कमी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात, मद्रासच्या चेपॉक मैदानावर, तमिळनाडूविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. तरीही कसोटी शून्य. कारणाचे नाव सर्वांना ठाऊक आहे: बिशनसिंग बेदी. ६७ कसोट्या, २६६ बळी, आणि तीच शैली, तोच डावखुरेपणा.

१४/ शिवलकर एकटे नव्हते. हरियाणाचे राजिंदर गोयल यांनी प्रथम श्रेणीत ७५० बळी घेतले, तेही कसोटीविना. नोव्हेंबर १९७४ मध्ये बेंगळुरूच्या कसोटीतून बेदींना शिस्तभंगाच्या कारणावरून वगळले गेले आणि गोयल यांना बोलावणे आले. दार किलकिले झाले होते. पण अंतिम अकरा जणांत प्रसन्न, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे तिघे फिरकीपटू उतरले. गोयल बाहेरच राहिले. पुढे सुनील गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यात शिवलकर आणि गोयल या दोघांनाही स्थान दिले. संघाने दिली नाही ती जागा सहकाऱ्याच्या पुस्तकाने दिली.

१५/ अमोल मुझुमदार यांची कहाणीही याच कप्प्यातली. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढच्या क्रमांकासाठी पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे मुझुमदार. १९९४ मध्ये रणजी पदार्पणात त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातील तो तेव्हाचा विश्वविक्रम. कारकिर्दीत ११,१६७ धावा आणि ३० शतके. पण १९९६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर सौरव गांगुली आणि राहुल द्रविड आले, नोव्हेंबरात व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आले, आणि तेंडुलकर तर आधीपासून होतेच.

१६/ इथेही तोच खेळ करून पाहावा. मुझुमदार आत, तर बाहेर कोण? २००१ च्या कोलकाता कसोटीतील लक्ष्मण की द्रविड? उत्तर देताना जीभ अडखळते, आणि ते अडखळणे हेच खरे उत्तर आहे. पॅड बांधून बसणे हे त्यांच्या आयुष्याचे रूपक झाले, असे अनेकदा लिहिले गेले. पण २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक हेच मुझुमदार होते. अकरा जणांत न बसलेल्या माणसाने अकरा जणी घडवल्या.

१७/ मग अन्याय म्हणायचे तरी कशाला? त्यासाठी निंबाळकरांच्याही आधीच्या पिढीकडे जावे लागेल. पळवणकर बाळू. जन्म १८७० च्या दशकातला, चर्मकार समाजातला. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करण्याचे काम. त्यांची डावखुरी फिरकी इतकी प्रभावी होती, की पुण्यातील हिंदू संघाला ते हवेसे वाटू लागले. संघात घेतलेही. पण चहापानाच्या वेळी सहकारी आत आणि बाळू बाहेर. सहकाऱ्यांचा चहा कपात आणि बाळूंचा मातीच्या भांड्यात. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू चालत होता, त्यांच्या हातचा पेला चालत नव्हता.

१८/ १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरवले. त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच राहिली, पण बाळूंनी त्या एका दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेतले. अशा खेळाडूला आपल्या संघाचे कर्णधारपद मिळावे, ही अपेक्षा साधी होती. ती वर्षानुवर्षे डावलली गेली. इथे ‘जागा कोणी व्यापली होती?’ हा प्रश्न विचारला तर उत्तर आकड्यांत सापडत नाही. ते जातीत सापडते.

१९/ १९२० मध्ये वाद पेटला. कर्णधारपदाच्या निवडीत पळवणकर बंधूंना पुन्हा डावलले गेल्याच्या निषेधार्थ बाळूंचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी माघार घेतली आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. स्वाभिमानाची ती कृती मैदानापुरती राहिली नाही. वर्तमानपत्रांत आणि सभांत तिची चर्चा झाली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी त्यांच्या संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे मराठीत आत्मचरित्रही लिहिले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा स्वतःचा आवाज इथे लेखी स्वरूपात शिल्लक आहे.

२०/ फरक लक्षात घ्यावा. निंबाळकर, शिवलकर, मुझुमदार यांच्या बाबतीत ‘अमक्याऐवजी तमका’ असा खेळाचा हिशेब मांडता येतो. तो चुकला असेल, पण तो खेळाचाच हिशेब असतो. बाळूंच्या बाबतीत तो हिशेब मांडलाच गेला नाही. गुणवत्ता मान्य होती, उपयोग करून घेतला जात होता, फक्त मान नाकारला जात होता. ‘अन्याय’ हा शब्द राखून ठेवायचा तो यासाठी. प्रत्येक हुकलेल्या निवडीवर तो उधळला, तर मातीच्या भांड्यातल्या त्या चहासाठी आपल्याकडे शब्दच उरत नाही.

२१/ आता जालन्याचा ४५१. आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा करणारा विजय झोल तेव्हा शाळकरी वयाचा होता. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. जानेवारी २०१४ मध्ये शारजात पाकिस्तानला हरवून भारताने १९ वर्षांखालील आशिया चषक जिंकला. कर्णधार झोलने अंतिम सामन्यात शतक केले, संजू सॅमसननेही केले. पुढच्याच महिन्यात संयुक्त अरब अमिरातीतील विश्वचषकात तोच कर्णधार होता. उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडने भारताला हरवले.

२२/ त्या २०१४ च्या संघातून सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, दीपक हुडा, सर्फराज खान आणि आवेश खान पुढे भारताच्या वरिष्ठ संघात पोहोचले. कर्णधार पोहोचला नाही. जालन्यात सल आहे ती इथे. पण २०१२ च्या संघाचा कर्णधार कोण होता? उन्मुक्त चंद. अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करून त्याने विश्वचषक जिंकून दिला. तोही भारताच्या वरिष्ठ संघात कधी खेळला नाही, आणि तो दिल्लीचा होता. देशाच्या राजधानीतल्या खेळाडूच्या वाट्यालाही तेच आले, तेव्हा ‘जालन्याचा म्हणून डावलले’ हा युक्तिवाद आपोआप लंगडा पडतो.

२३/ वस्तुस्थिती अधिक साधी आणि अधिक कठोर आहे. एकोणिसाव्या वर्षीची धाव ही कर्जाऊ रकमेसारखी असते. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी रणजीच्या मैदानावर ती फेडावी लागते. महाराष्ट्राच्या वरिष्ठ संघात झोलला संधी मिळाली. पण वर्षानुवर्षे धावांची रास घालून निवड समितीला निरुत्तर करावे, तशी कारकीर्द तिथे उभी राहिली नाही. यात कमीपणा काहीच नाही. कुमार गटातल्या बहुतेकांचे असेच होते. विराट कोहली २००८ च्या कुमार विश्वविजेत्या संघाचा कर्णधार होता, म्हणून प्रत्येक कुमार कर्णधार कोहली होईल असे आपण गृहीत धरतो. नियम आपण अपवादावरून बनवतो, आणि मग वास्तव नियमात बसले नाही की वास्तवालाच दोष देतो.

२४/ एक आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा: निवड समित्यांना कारणे देण्याची सवय नसते. १९७१ मध्ये विजय मर्चंट यांच्या अध्यक्षीय मताने मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले, हे आज सर्वांना ठाऊक आहे, कारण ते प्रकरण गाजले. बाकी शेकडो निर्णयांबाबत धावफलक बोलतो आणि समितीची खोली गप्प राहते. या मौनामुळेच संशय वाढतो. त्यामुळे कारणे लेखी आणि जाहीर असावीत, ही मागणी रास्तच आहे. पण मौन हा कटाचा पुरावा नव्हे. पुरावा नसेल तिथे अभ्यासकाने ‘असेलच’ म्हणू नये.

२५/ तेव्हा पुढच्या वेळी ‘याला घ्यायलाच हवे होते’ हा वाद रंगला की चार प्रश्न विचारावेत. एक: त्या काळात सामने किती होते? दोन: त्याला घेताना नेमके कोणाला काढायचे, नाव घेऊन सांगता येते का? तीन: त्याची कामगिरी कोणत्या स्तरावरची होती, आणि त्या स्तरावर तेव्हा धावा किंवा बळी किती स्वस्त होते? चार: दार खेळाने बंद केले, की जात, पैसा, भाषा, गाव अशा खेळाबाहेरच्या गोष्टीने? चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी ‘होय’ आले, तर अन्याय हा शब्द बिनदिक्कत वापरावा, आणि मोठ्याने वापरावा.

२६/ जालन्याच्या बाबतीत चौथा प्रश्न खरा आहे, पण तो झोलला नव्हे, झोलनंतरच्या मुलांना लागू होतो. झोलपर्यंत निवडणाऱ्यांची नजर पोहोचली. तो देशाच्या कुमार संघाचा कर्णधार झाला. ज्यांच्यापर्यंत ती पोहोचतच नाही, त्यांचे काय? राज्य संघटनेचे मुख्य केंद्र पुण्यात, जालन्यापासून सुमारे ३०० किलोमीटरवर. निवड चाचणीसाठी रात्रभर प्रवास करून सकाळी नेटमध्ये उभा राहणारा मुलगा आणि दहा मिनिटांत घरून मैदानावर येणारा मुलगा यांची तुलना एकाच फूटपट्टीने होते. अंबड, भोकरदन, मंठा, परतूर इथल्या मुलामुलींना टर्फची खेळपट्टी, नियमित सामने आणि चांगला प्रशिक्षक घराजवळ मिळतो का, हा प्रश्न एका कसोटीच्या टोपीपेक्षा मोठा आहे. त्यावर वाद घालणारे मात्र कमी भेटतात.

२७/ इतिहासाची आवड असलेल्यांसाठी शेवटी एक काम. निंबाळकरांची खेळी आपल्याला धावफलकामुळे माहीत आहे, पळवणकरांचा लढा त्यांच्या लेखनामुळे. जालना जिल्ह्यातल्या जुन्या टेनिस आणि लेदर बॉल स्पर्धांच्या गुणवह्या, कात्रणे, संघांची छायाचित्रे आज कोणाच्या तरी माळ्यावर आणि ट्रंकेत आहेत. हैदराबाद संस्थानाच्या काळात इथे कोण खेळत होते, कोणत्या मैदानावर, कोणाविरुद्ध, हे सांगू शकणारी माणसे थकत चालली आहेत. त्यांच्याशी बोलून घ्यावे, कागदांची छायाचित्रे काढून ठेवावीत, तारखा लिहून ठेवाव्यात. जागा कोणाची हुकली हा वाद घालण्यापूर्वी, रांगेत कोण कोण उभे होते हे तरी माहीत असायला हवे.

(समाप्त)